स्वतः बनवलेल्या चिन्हपत्त्यांचं रूप नव्याने ठरवताना

चिन्हपत्ते म्हणजे प्रत्येकावर ठरलेल्या अर्थाचं एक चिन्ह असलेले, मांडून अर्थ लावायचे पत्ते. स्वतः बनवलेला असा कॅट वर्षभर वापरला की त्याचे दोष हाताला जाणवू लागतात. अर्थ चांगले जुळलेले असतात, पण दोन पत्त्यांची सतत गल्लत होते. नाव वाचायला पत्ता डोळ्यांजवळ न्यावा लागतो. मांडणी केली की सगळंच रंगीत दिसतं आणि नजर कुठेच ठरत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट चित्रं नव्याने काढायला बसतात आणि तिथेच मेहनत वाया जाते. एकेक चित्र किती देखणं आहे हे नंतर पाहायचं. आधी पाहायचं ते असं: सगळे पत्ते एकत्र मांडल्यावर प्रत्येक पत्ता बाकीच्यांपासून वेगळा ओळखू येतो का, आणि तरीही सगळे एकाच घरचे वाटतात का? पुढची प्रत्येक पायरी या दोन कसोट्यांसाठी आहे.

उदाहरणासाठी ठाणे खाडीवर बेतलेला ४४ पत्त्यांचा संच धरू. पाणी, जमीन, वाट आणि घर असे चार गट, प्रत्येकी १० पत्ते. शिवाय पहाट, दुपार, सांज आणि रात्र असे चार प्रहरपत्ते. पाण्यात भरती, ओहोटी, चिखल, मिठागर. जमिनीत तिवर, रोहित (फ्लेमिंगो), येऊरचा डोंगर. वाटेत पूल, रूळ, होडी. घरात उंबरठा, दिवा, चूल. तुमचा संच वेगळा असेल, पण अडचणी साधारण याच असतात.

पायरी १: आहे तो संच तपासा

पेन्सिल हातात घेण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्या. साध्या, एकरंगी चादरीवर सगळे पत्ते गटवार मांडा आणि वरून सरळ एक फोटो काढा. तो फोनमध्येच कृष्णधवल करा. रंग गेल्यावर ज्या गटांमधला फरक नाहीसा होतो, ते गट केवळ रंगाच्या छटेवर उभे होते. मग पत्त्यांपासून साधारण दीड मीटर लांब उभं राहून बघा. समोरासमोर बसून मांडणी करताना दुसऱ्या माणसाला पत्ते जवळपास एवढ्याच अंतरावरून, तेही तिरके दिसतात.

यानंतर तीन-चार अशा लोकांना बोलवा, ज्यांना तुमचे अर्थ माहीत नाहीत. नावावर कागदाची पट्टी धरा आणि एकच प्रश्न विचारा: ‘यात काय दिसतंय?’ ‘याचा अर्थ काय वाटतो?’ असं विचारलं की माणूस विचार करून, शहाणपणाने उत्तर देतो आणि चित्रातला दोष झाकला जातो. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. चुकलं तरी समजावून सांगू नका, कारण पुढच्या पत्त्यापासून ती व्यक्ती तुमच्या चष्म्यातून बघायला लागते.

आता पत्त्यांचे तीन ढीग करा: लगेच ओळखलेले, अडखळत ओळखलेले आणि चुकलेले. चुकलेल्यांसमोर ‘कशाशी गल्लत झाली’ हे लिहायला विसरू नका. होडीला चंद्रकोर म्हटलं गेलं असेल तर दोष होडीचा एकटीचा नाही. दोन्ही पत्ते एकत्र दुरुस्त करावे लागतील. पहिल्या ढिगातल्या पत्त्यांना शक्यतो हात लावू नका. वापरणाऱ्यांची ओळख त्यांच्याशी जुळलेली असते आणि नव्या संचात तीच टिकवायची असते.

पायरी २: अर्थ गोठवा, मग चित्राकडे या

एक तक्ता करा. प्रत्येक पत्त्याला एक ओळ. रकाने पाच: नाव, गट, अर्थ, उलट अर्थ (पत्ता उलटा पडला तर लागणारा), मुख्य चिन्ह. अर्थ दहा शब्दांत बसला पाहिजे. बसत नसेल तर चित्रातही बसणार नाही, आणि मग त्या पत्त्यावर पाच-सहा वस्तू गर्दी करतात.

तक्ता भरताना जोड्या सापडतात. ‘भरती’ म्हणजे येणारी संधी आणि ‘पूर’ म्हणजे अचानक खूप काही येणं. हे दोन अर्थ वेगळे ठेवायचे असतील तर फरक कुठे आहे ते एका शब्दात सांगता आलं पाहिजे. भरती वेळापत्रकाने येते, पूर तसा येत नाही. मग भरतीच्या चित्रात ठरावीकपणा हवा: खुंटावर एकाखाली एक दिसणाऱ्या पाण्याच्या खुणा. पुराच्या चित्रात मोडलेली चौकट. असा शब्द सापडलाच नाही तर एक पत्ता काढून टाका.

मुख्य चिन्हाच्या रकान्यात नाम लिहा, विशेषण नको. ‘शांतता’ काढता येत नाही. ‘पालथी होडी’ काढता येते.

पायरी ३: एका खुणेवर एकच काम

नव्या रचनेतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे. पत्ता पाहणाऱ्याला काय काय कळायला हवं ते आधी लिहा: गट कोणता, गटातलं स्थान कोणतं, पत्ता कोणता, सरळ की उलटा. आता तुमच्या हातातली साधनं लिहा: पार्श्वभूमीचा रंग, कडेची नक्षी, मधलं चिन्ह, चिन्हांची संख्या, अक्षरं. प्रत्येक माहितीला एक साधन नेमून द्या आणि तेच साधन दुसऱ्या कशासाठी वापरू नका. निळी पार्श्वभूमी म्हणजे पाणी असं ठरलं, तर ‘रात्र’ या प्रहरपत्त्याला निळं आकाश द्यायचं नाही. दिलंत तर मांडणीत रात्र दरवेळी पाण्याच्या गटात मोजली जाईल.

या शिस्तीचा उत्तम धडा आपल्या सावंतवाडीच्या गंजिफात, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांत, आहे. दशावतारी गंजिफात १० गट आणि प्रत्येक गटात १२ पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते. राजा आणि प्रधानाच्या पत्त्यांवर पूर्ण चित्र. बाकीच्या दहांवर त्या अवताराचं चिन्ह जितक्या अंकाचा पत्ता तितक्या वेळा. गट चिन्हावरून आणि रंगावरून कळतो, किंमत मोजणीवरून. एवढे पत्ते असूनही खेळणारा गोंधळत नाही, कारण कोणती खूण कशासाठी आहे हे एकदाच ठरलेलं आहे.

युरोपीय टॅरोत, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या संचात, ७८ पत्ते असतात. त्यातल्या ५६ गटपत्त्यांपैकी अंकांच्या पत्त्यांवर जुन्या संचांमध्ये साधारणपणे पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या मोजूनच काढलेल्या असत. १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी या पत्त्यांवरही माणसांची पूर्ण दृश्यं काढली, आणि नंतरच्या असंख्य संचांनी तीच वाट धरली. दृश्य असलेला पत्ता नवशिक्याला लवकर बोलता करतो, पण लांबून ओळखायला अवघड जातो. मोजणीचा पत्ता लांबून लगेच कळतो, पण अर्थ पाठ करावा लागतो. दोन्हींपैकी एक निवडा. निम्मे असे आणि निम्मे तसे ठेवले, तर दृश्य असलेले पत्ते विनाकारण महत्त्वाचे वाटू लागतात. मोजकेच पत्ते खरोखर मोठे असतील, जसे आपले चार प्रहर, तर त्यांना पूर्ण दृश्य आणि बाकी चाळिसांना एकच ठळक चिन्ह, ही विभागणी चांगली चालते.

गंजिफाचा गोल आकार पाहून तसाच संच करावासा वाटतो. करा, पण तुमच्या पद्धतीत उलट्या पत्त्याला वेगळा अर्थ असेल तर गोल पत्ता नको. त्याला वर-खाली नसतं, तो सरळ पडला की उलटा हे दरवेळी नाव वाचूनच ठरवावं लागतं. आयताकृती पत्त्यातही हाच दोष शिरतो: वरून पाहिलेलं कमळ, चक्र किंवा सूर्य उलटा केला तरी तसाच दिसतो. अशा प्रत्येक चिन्हाखाली जमिनीची किंवा पाण्याची एक रेघ द्या.

पायरी ४: आकार आणि आखणी

दोन मापं सोयीची पडतात. ७० × १२० मिमी हे टॅरोचं रूढ माप. चित्राला जागा भरपूर, पण लहान हातांना पिसायला जड. ६३ × ८८ मिमी हे खेळायच्या पत्त्यांचं रूढ माप. पिसायला सोपं, लोकलमध्ये मांडीवरही मांडता येतं, पण चिन्ह आणि नाव यापलीकडे त्यात काही घालू नये. आपलं उदाहरण मोठ्या मापाचं ठेवू.

१२० मिमी उंचीची विभागणी अशी करा: वर ५ मोकळे, मग गटाच्या खुणेची ९ मिमीची पट्टी, ३ मोकळे, चित्राला ७८, ३ मोकळे, नावाला १७ आणि खाली ५ मोकळे. रुंदीत दोन्ही बाजूंना ५ सोडून ६० मिमी उरतात. ही आखणी सगळ्या पत्त्यांना तंतोतंत सारखी हवी. नावाची पट्टी एका पत्त्यावर दोन मिलिमीटर जरी वर गेली तरी सगळे पत्ते ओळीने मांडल्यावर ते लगेच खटकतं.

कापण्याच्या रेषेबाहेर चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा, द्या, म्हणजे फाइल ७६ × १२६ मिमीची होईल. ३०० डीपीआयला हे सुमारे ८९८ × १४८८ पिक्सेल होतात. पार्श्वभूमीचा रंग ब्लीडपर्यंत न्यायचा. अक्षरं आणि चिन्हं मात्र कापण्याच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत. पत्त्याच्या कडेने बारीक चौकट काढायचा मोह आवरा. कटिंगमध्ये अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. २ मिमीची चौकट असेल तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ मिमी उरून पत्ता वाकडा दिसतो. चौकट हवीच असेल तर ती ५ मिमी किंवा जास्त जाड ठेवा, नाहीतर नकोच.

पायरी ५: चिन्हं काढणं

प्रत्येक चिन्ह आधी नुसत्या भरीव काळ्या आकारात काढा. डोळे, पिसं, पोत काही नको. तो आकार १५ मिमी उंचीला छापा आणि हात लांब करून बघा. ओळखू आला तर पुढे जा. नाही आला तर आतलं कितीही सुंदर काम त्याला वाचवू शकत नाही.

इथे प्रत्यक्ष निरीक्षण फार उपयोगी पडतं. रोहित पक्ष्याचं उदाहरण घ्या. गुलाबी रंगावर विसंबून लांब मान आणि लांब पाय काढले की काळ्या आकारात तो बगळा होतो. खरा फरक चोचीत आहे: बगळ्याची सरळ आणि टोकदार, रोहितची मध्यावर खाली मोडलेली. रोहित चरतो तेव्हा डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. ही मुद्रा काढली की गल्लत उरत नाही. उडतानाही रोहित मान सरळ ताणतो, बगळा ती आखडून घेतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावर किंवा नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीजवळ सकाळी दुर्बीण घेऊन गेलात तर वहीभर रेखाटनं मिळतात. तिवराचंही तसंच. नुसतं झाड काढलं तर ते कोणतंही झाड होतं. चिखलातून पेन्सिलींसारखी उभी आलेली श्वासमुळं काढली तर खाडीकाठचा कोणीही माणूस ते ओळखतो.

होडी आणि चंद्रकोर यांची गल्लत दोन्ही नुसत्या कमानी असल्यामुळे होते. होडीला नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच द्या, वल्ह्याची तिरपी रेघ द्या. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात बांधून ठेवलेल्या होड्या बाजूने पाहिल्या की नाळेची उंची आणि मागचा भाग यांतला फरक नीट कळतो. चंद्रकोर मग तिरपी ठेवा, आडवी नको.

तपशील जास्त झाला की अर्थ आकसतो, हेही लक्षात असू द्या. ठाण्याच्या संचात ‘रूळ’ आला की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीचं वाफेचं इंजिन काढावंसं वाटतं. पण इंजिन आलं की पत्ता इतिहासाचा होतो. ‘ठरलेली वाट’ एवढाच अर्थ हवा असेल तर दोन रूळ, चार स्लीपर आणि दूर जाऊन मिळणाऱ्या रेषा पुरतात.

रेघांची जाडी पूर्ण संचाला दोनच ठेवा: बाहेरची १.५ पॉइंट, आतली १ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.३५ मिमी. गडद रंगावर पांढरी रेघ सोडायची असेल तर ती ०.५ मिमीपेक्षा बारीक नको. शाई दोन्ही बाजूंनी पसरून ती बुजते. इंटरनेटवरून वेगवेगळ्या ठिकाणची तयार चित्रं जमवलेल्या संचांची पहिली खूण हीच असते की प्रत्येक चित्राची रेघ वेगळ्या जाडीची. शिवाय अशा चित्रांचा परवाना वाचल्याशिवाय संच विकायला काढू नका.

दोन गोष्टी जपून कराव्यात असं आमचं ठाम मत आहे. येऊरचे पाडे जवळ आहेत म्हणून वारली चित्रशैली सहज उचलली जाते. पण लग्नविधीत लिहिला जाणारा देवचौक हा पूजेचा भाग आहे, तो पत्त्याच्या पाठीवरची नक्षी म्हणून वापरू नये. वारली शैलीच हवी असेल तर वारली चित्रकाराला काम द्या आणि त्याचं नाव पेटीवर छापा. दुसरं, देवदेवतांची चित्रं. पत्ते जमिनीवर मांडले जातात, पालथे पडतात, हातातून सांडतात. अनेकांना देवाचं चित्र तसं पाहणं रुचत नाही. शंख, परशू, बासरी अशी चिन्हं तोच भाव देतात.

पायरी ६: रंग

चार गटांना चार रंग, सगळीकडे एकच काळी रेघ आणि कागदाचा पांढरा. यापेक्षा जास्त लागत नाही. रंग निवडताना छटेआधी उजळपणा ठरवा: एक खूप गडद, एक मध्यम गडद, एक मध्यम, एक फिकट. छपाईसाठी सीएमवायकेत, म्हणजे चार शायांच्या टक्क्यांत, सुरुवात अशी करून बघा. पाणी: सायन १००, मॅजेंटा ७५, यलो ३०, ब्लॅक ४०. जमीन: सायन ४०, मॅजेंटा ६०, यलो ७५, ब्लॅक २५. वाट: मॅजेंटा ५५, यलो ७५. घर: मॅजेंटा १२, यलो ४५. कृष्णधवल केल्यावरही हे चार वेगळे राहायला हवेत. प्रहरपत्त्यांची पार्श्वभूमी पांढरी ठेवा. काळी रेघ पाणी आणि जमीन या गडद गटांवर बुडते, म्हणून तिथे चिन्हामागे फिकट गोल किंवा कमान द्या; सगळ्या गटांना तीच द्या, म्हणजे सगळे पत्ते एकाच घरचे वाटतील.

तरीही गट केवळ रंगावर सोडू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या आजूबाजूला असतातच. वरच्या ९ मिमीच्या पट्टीत गटाची खूण द्या: पाण्याला लाट, जमिनीला भरीव पट्टी, वाटेला तुटक रेघ, घराला त्रिकोण. रात्री पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि काळा जवळजवळ सारखे दिसतात. तेव्हा ही पट्टीच उपयोगी पडते.

फोनच्या पडद्यावरचा झगमगीत गुलाबी किंवा विजेरी निळा चार शाईंच्या छपाईत येत नाही, तो मळकट होतो. रोहितचा गुलाबी थोडा शेंदरीकडे झुकवा, छापल्यावर जास्त जिवंत दिसेल. अक्षरं आणि बारीक रेघा मात्र फक्त ब्लॅक १०० मध्ये ठेवा. चारही शाया मिसळून काळा केला आणि छपाईत रंग जरासे सरकले, तर अक्षरांना रंगीत कडा येतात.

पायरी ७: नावं आणि अक्षरं

देवनागरीला जागा जास्त लागते, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. पत्त्याचं नाव १२ ते १४ पॉइंट, खाली अर्थाची ओळ द्यायची असेल तर ९ पॉइंटपेक्षा कमी नको. मुक्त परवान्याचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट छोट्या मापातही स्वच्छ वाचता येतात. पारंपरिक वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण मिळतं का ते आधी तपासा. फॉन्ट पक्का करण्यापूर्वी हे शब्द छापून पाहा: किनाऱ्यावर, प्रतीक्षा, दृष्टी, श्रद्धा, उंबरठा, ओहोटी. ‘ऱ्या’ तुटला किंवा ‘क्ष’ वेगळा पडला तर सॉफ्टवेअरमधलं भारतीय लिप्यांचं सेटिंग बंद आहे, किंवा फॉन्ट बदलायला हवा.

शीर्षक ऐटबाज दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते.

पायरी ८: पाठ

सगळ्या पाठी हुबेहूब सारख्या हव्यात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. उलटा अर्थ वापरत असाल तर पाठ १८० अंशांत फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे, नाहीतर पत्ता पालथा असतानाच तो उलटा आहे हे कळतं. काठापर्यंत गडद रंग ठेवलात तर पिसून पिसून कडेचा कागद पांढरा उघडा पडतो आणि काही महिन्यांत खुणेचे पत्ते तयार होतात. मध्यम किंवा फिकट रंग, विखुरलेली बारीक नक्षी आणि कडेला ठळक रेघ नाही, ही पाठ सगळ्यात जास्त टिकते.

पायरी ९: घरी डमी

प्रेसला जाण्याआधी साध्या ए४ कागदावर पूर्ण संच छापा. ७० × १२० मिमीचे पत्ते सरळ उभे लावले तर, प्रिंटरला कडेची जागा सोडावी लागत असल्याने, एका पानावर चारच बसतात. डावीकडे चार पत्ते आडवे, एकाखाली एक (१२० रुंद, २८० उंच) आणि त्यांच्या उजवीकडे दोन उभे (७० रुंद, २४० उंच) लावा, सहा बसतात. ४४ पत्त्यांना आठ पानं लागतील. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर मापं बारीक होतात. पट्टीने एक पत्ता मोजून खात्री करा.

हे कागद जुन्या संचाच्या पत्त्यांवर गोंदाने चिकटवून घ्या, म्हणजे हाताला खरं वजन मिळेल. मग पहिल्या पायरीची चाचणी जशीच्या तशी पुन्हा, शक्य तर वेगळ्या माणसांबरोबर. चुकलेल्यांचा ढीग रिकामा होईपर्यंत छपाईचा पैसा खर्च करू नका. दुरुस्ती इथे एका पानाची असते, प्रेसनंतर पूर्ण संचाची.

पायरी १०: छपाई, लॅमिनेशन, कटिंग

दहा-वीस संचांसाठी डिजिटल प्रेस पुरते. ती ठाण्यात किंवा वाशीत स्टेशनच्या आसपास शोधा. काहीशे संच करायचे असतील तर ऑफसेटकडे वळा आणि वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे पट्ट्यातल्या प्रेसना विचारा. डिजिटलचा मोठा कागद साधारण १३ × १९ इंचाचा असतो. ब्लीडसकट आपले पत्ते त्यावर १२ बसतात, म्हणजे चार कागदांत ४८. संच ४४ चा ठेवल्याने चार जागा उरतात: एक कोरा पत्ता, एक मांडणीचा पत्ता, एकावर आवृत्तीचा क्रमांक आणि महिना, आणि एक रंगपट्टी, जिच्याशी पुढच्या छपाईचे रंग ताडून पाहता येतील. ६३ × ८८ चं माप घेतलंत तर एका कागदावर १८ ते २० येतात.

फाइल पीडीएफमध्ये द्या आणि सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून, द्या. प्रेसमधला संगणक तुमचा युनिकोड फॉन्ट ओळखेलच असं नाही. उघडलेल्या फाइलमध्ये जोडाक्षरं फुटली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पूर्ण संच तसाच छापून येतो. अक्षरं कर्व्ह करण्याआधीची फाइल स्वतःकडे वेगळी जपा, नंतर नाव बदलायचं झालं तर तीच लागेल.

कागद ३०० किंवा ३५० जीएसएम आर्ट कार्ड. सगळे पत्ते छापायच्या आधी त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसह एक कागद काढून मागा. साध्या कागदावरचा प्रूफ रंगाबद्दल काहीच सांगत नाही. ग्लॉस लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि समोरच्याला चिन्ह दिसत नाही. मॅट बरं, पण त्यात गडद रंग जरा फिके पडतात. मखमली लॅमिनेशन हाताला छान लागतं, पण पत्ते एकमेकांवरून नीट सरकत नाहीत. पिसायचे पत्ते असतील तर मॅट घ्या.

लॅमिनेशन दोन्ही बाजूंना हवंच. एकाच बाजूला केलं तर उघडी बाजू हवेतली ओल शोषते, फुगते, आणि पत्ता कमानीसारखा वळतो. ठाण्याच्या पावसाळ्यात हे दोन दिवसांतही होऊ शकतं. जून ते सप्टेंबरमध्ये ऑफसेटवर छापत असाल तर शाई पूर्ण वाळल्याशिवाय लॅमिनेशन करू नका असं स्पष्ट सांगा. घाई केली की खाली बारीक बुडबुडे येतात, ते नंतर जात नाहीत.

कटिंगला स्वतः उभे राहा. जाड गठ्ठा एकदम कापला तर वरचा पत्ता बरोबर येतो आणि खालचे तिरके सरकतात; थोडे थोडे कागद घेऊन कापायला सांगा. पहिला गठ्ठा कापला की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा पत्ता एकमेकांवर ठेवून कडा जुळतात का बघा. पाठ आणि पुढची बाजू एकमेकांवर बसली आहे का तेही तेव्हाच, उजेडासमोर धरून. कोपरे ३ ते ५ मिमी त्रिज्येत गोल करून घ्या. टोकदार कोपरे सगळ्यात आधी उलगडतात, आणि एक कोपरा उलगडला की तो पत्ता पाठीवरून ओळखू येऊ लागतो.

पेटीचं माप फाइलवरून ठरवू नका. लॅमिनेशन आणि कटिंग झालेला पूर्ण संच हलका दाबून पट्टीने त्याची जाडी मोजा. एक पत्ता ०.४ मिमीचा निघाला तर ४८ पत्त्यांचे १९ मिमीच्या वर होतात. जाडीत दीड मिलिमीटर आणि लांबी-रुंदीत दोन-दोन मिलिमीटर वाढवून पेटी करायला द्या. पेटीच्या आतल्या झाकणावर जुन्या आणि नव्या चिन्हांची जोडयादी छापा: कोणत्या पत्त्याचं चित्र बदललं, कोणता पत्ता निघाला, कोणता नवा आला. ज्यांच्याकडे पहिला संच आहे, ते आधी हीच यादी उघडतील.